नऊ एकांचा वर्ग

12,34,56,78,98,76,54,321 ही संख्या डावीकडून वाचली काय किंवा उजवीकडून वाचली काय, अंक तेच आणि त्याच क्रमाने येतात. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दिलेल्या स्थाननामांनुसार या सतरा अंकी संख्येचा पहिला अंक ‘मध्य’ या स्थानी पडतो. परार्ध त्याच्या एकच पायरी वर. वर्गमूळ मात्र अगदी साधे आहे : 11,11,11,111, म्हणजे नऊ वेळा 1.

हा गुणाकार कागदावर मांडला की त्यात गूढ असे काही उरत नाही. नऊ एकांच्या नऊ ओळी येतात आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीहून एक घर डावीकडे सरकते. उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एक 1, दुसऱ्यात दोन, असे वाढत मधल्या स्तंभात नऊ 1 जमतात. पुढे ते तसेच घटतात. कोठेही हातचा येत नाही, म्हणून आकृती टिकते. दहा एकांचा वर्ग केल्यास मध्यभागी हातचा येतो आणि 1234567900987654321 अशी मोडलेली आकृती हाती लागते.

1930 ते 1962 या काळात देवळालीच्या शाळेत अध्यापन करणारे द. रा. कापरेकर (1905–1986) हे 6174 या संख्येमुळे जगभर ओळखले जातात. प्रस्तुत संख्येच्या कुळाला त्यांनी ‘डेम्लो’ हे नाव दिले, तेही एका रेल्वे स्थानकावरून. हे स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली. लोकलच्या प्रवाशांनी अभिमान बाळगावा अशीच ही गोष्ट आहे! या संख्यांच्या दोन टोकांची बेरीज केली की मधलाच अंक पुन:पुन्हा येतो. 12321 मध्ये 12 + 21 = 33 आणि मधला अंक 3; येथे 12345678 + 87654321 = 99999999 आणि मधला अंक 9.

या संख्येतील अंकांची बेरीज 81, म्हणून तिला 9 ने नि:शेष भाग जातो. तिच्यातील कोणत्याही दोन अंकांची अदलाबदल केली तरी बेरीज 81 च राहते. संगणकापूर्वीच्या बँकेत ही बाब फार मोलाची होती. शाखा दादरची असो वा कोलकात्याच्या एस्प्लनेडची, तेरीज जुळली नाही की अनुभवी कारकून आधी फरकाला 9 ने भागून पाहत. 5,840 ऐवजी 5,480 लिहिले गेल्यास फरक 360 येतो, म्हणजे 9 × 40. भाग गेला की उलटसुलट लिहिलेल्या आकड्याचा शोध सुरू होई. हा पक्का पुरावा नव्हे, पण रात्री घरी वेळेवर पोहोचण्यास एवढी खूण पुष्कळदा पुरत असे.

अंकांच्या नुसत्या बेरजेने अदलाबदल उघड होत नसल्यामुळे कार्डाच्या क्रमांकासाठी वेगळी कसोटी वापरतात. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी 1954 मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. उजवीकडचा शेवटचा अंक सोडून एकाआड एक अंक दुप्पट करावयाचा, दुप्पट दोन अंकी झाल्यास तिचे अंक मिळवावयाचे. सर्वांची बेरीज 10 च्या पटीत यावयास हवी. शेजारच्या अंकांची अदलाबदल या कसोटीत लगेच पकडली जाते. अपवाद केवळ 09 आणि 90 यांचा : 0 ची दुप्पट 0, तर 9 ची 18, आणि 1 + 8 पुन्हा 9.