ऑस्लोचे वार्तापत्र : खासगी आणि दौलत

परवा रविवारी बेल वाजली. दारात दहा-अकरा वर्षांची मुलगी, मागे तिचा बाप आणि ढकलगाडीवर टॉयलेट पेपरचे गठ्ठे. शाळेच्या बँडसाठी विक्री चालली होती. 17 मेच्या राष्ट्रीय दिनाला वाजतगाजत निघणारी ही पथकं वाद्यांचा नि गणवेशांचा खर्च असे रोल विकून काढतात. मी एक गठ्ठा घेतला आणि सहज विचारलं, "शाळेच्या इमारतीसाठीही असंच जमवता का?" बाप गोंधळला. "ती करातून होते ना!"

नगर जिल्ह्यातल्या राहाता तालुक्यात मी ज्या वर्गात शिकलो, तिथल्या पंख्याच्या पात्यांवर देणगीदाराचं नाव रंगवलेलं होतं. वीज गेली की ते नीट वाचता यायचं.

नॉर्वेत श्रीमंताचं नाव वाचायचं तर करयादी उघडावी लागते. मिळकतीवर कर आहेच, शिवाय संपत्तीवरही आहे. 2025 साठी 17 लाख 60 हजार क्रोनांपुढच्या निव्वळ संपत्तीवर सुमारे एक टक्का, दरसाल. कुणाची संपत्ती किती, कर किती, हे इथल्या रहिवाशाला पाहता येतं. मेख एवढीच, की 2014 पासून आपलं नाव कुणी शोधलं ते ज्याचं त्याला कळतं. म्हणून शेजाऱ्याचं नाव टाकायचा मोह मी आवरला. देणगीवरची करसवलत मात्र वर्षाला 25 हजार क्रोनांपुरतीच.

सगळे खूश आहेत असं नाही. तोट्याच्या वर्षीही कर भरायला कंपनीतून पैसा काढावा लागतो, ही उद्योजकांची तक्रार खोटी नाही. बडे उद्योगपती शेल इंगे रोक्के 2022 मध्ये स्वित्झर्लंडला राहायला गेले. सप्टेंबर 2025 च्या निवडणुकीत हाच कर गाजला, आणि तो ठेवू म्हणणारं सरकारच परत आलं.

आपल्याकडे संपत्ती कर 1957 मध्ये आला, 2015 च्या अर्थसंकल्पात गेला. बागायतदार कितीही मोठा असो, शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर नाही. आणि आमच्या जिरायत गावांना पाणी देणारं निळवंडे धरण? मंजुरी 1970 ची, डाव्या कालव्याचं उद्घाटन ऑक्टोबर 2023 मध्ये. मधे 2018 साली त्या कालव्यांसाठी शिर्डीच्या साई संस्थानने 500 कोटी बिनव्याजी द्यायचं ठरलं. संस्थानवर विश्वस्त नेमतं तेही सरकारच. बाबांच्या दक्षिणापेटीत हमालाची दहाची नोटही असते. तिच्यातून रुग्णालय चालावं, प्रसादालयात पंगत उठावी, हे शोभतं. पाट काढणं हे तिचं काम नव्हे.

हा फरक शिकायला नॉर्वेला यायची गरज नव्हती. आता आमच्या जिल्ह्याला जिचं नाव आहे, त्या चौंडीच्या लेकीने, अहिल्याबाईंनी, काशीपासून सोमनाथपर्यंत देवळं नि घाट बांधले ते होळकरांच्या खासगीतून. राज्याचा खर्च दौलतीतून. दोन्ही हिशेब वेगळे.

त्या मुलीचा बँड खासगी, शाळा दौलत. तिच्या बापाला हे नगरच्या शब्दांत समजावता आलं नाही, एवढंच. गठ्ठा अजून बाल्कनीत आहे. त्यावर कुणाचंच नाव नाही.