वादळ, झाड आणि यांत्रिक करवत

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. झाडांनी अडलेले रस्ते मोकळे करताना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या हाती यांत्रिक करवती होत्या. दोन्ही टोकांवर टेकलेल्या खोडाची वरची बाजू दबलेली असते, खालची ताणलेली. म्हणून आधी वरून थोडा काप घ्यावा, मग खालून पुरा करावा. नुसते वरूनच कापल्यास पट्टी खोडात अडकते. वखारीतल्या माणसाला हे सांगावे लागत नाही, आपल्यासारख्या पुस्तकी मंडळींना लागते! पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला, की करवत चालवणाऱ्याच्याच अंगावर उसळते. साखळीचा ब्रेक त्यासाठीच. ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला, की साखळी बोथट झाली समजावे. मग जोर लावू नये. यंत्र बंद करून गोल कानस हाती घ्यावी.