विजयाचा गुलाल

भारताच्या क्रिकेट संघाने पाकिस्तानवर विजय मिळविला की जालन्यात काय घडते, हे जालनेकरांस सांगावयास नको. शेवटचा चेंडू पडतो न पडतो तोच कोठेतरी फटाक्यांची माळ वाजते, मोटारसायकली निघतात, गांधीचमनाकडे, मामा चौकाकडे पोरांचे घोळके धावतात. कोणाच्या हाती तिरंगा, कोणाच्या कपाळी गुलाल. ढोल मिळाला तर ढोल, नाही तर डबा! भोकरदन, परतूर, अंबड येथेही थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसते. हे दृश्य आता इतके अंगवळणी पडले आहे की, त्यात समजून घेण्यासारखे काही आहे असे कोणास वाटत नाही. आम्हांस मात्र वाटते. हजारो कोसांवर, दुबईत किंवा मेलबोर्नला, अकरा माणसे एक खेळ जिंकतात आणि इकडे कुंडलिकेच्या काठी राहणारा माणूस आपणच काही तरी जिंकल्यासारखा घराबाहेर पडतो. त्याने बॅट धरलेली नसते, धाव काढलेली नसते. मग हा आनंद कोणता, आणि तो रस्त्यावरच का यावा लागतो?

आधी त्याच्या रूपाविषयी दोन शब्द. क्रिकेट परक्यांकडून आले. पण त्यातला विजय साजरा करण्याची रीत आम्ही परक्यांकडून घेतलेली नाही. ती आमच्या जत्रेच्या फडातली आहे. कुस्ती चितपट झाली की जिंकलेल्या मल्लास खांद्यावर घ्यावयाचे, फेटा बांधावयाचा, हलगीच्या तालावर गावातून मिरवावयाचे, ही पद्धत क्रिकेटहून कितीतरी जुनी. पुढे निवडणुका आल्या आणि गुलालाची पोती मतमोजणीच्या दारापर्यंत पोहोचली. क्रिकेटच्या विजयाने ही तयार भाषा उचलली, इतकेच. जालन्याला तर मिरवणुकीची हौस काही नवी नाही. धुळवडीच्या दिवशी येथे ‘हत्ती रिसाला’ निघतो. शंभराहून अधिक वर्षांची ही परंपरा. ज्या गावाने हत्तीवरून रंग उधळलेला पाहिला आहे, त्या गावास आनंद घरात बसून करा असे सांगणे व्यर्थ होय. हत्तीवरून आठवले : १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने ओव्हलवर इंग्लंडला प्रथमच त्यांच्या भूमीवर हरविले, तेव्हा गणेशचतुर्थी आली होती, आणि तेथल्या आपल्या चाहत्यांनी चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण मैदानात आणली होती. चंद्रशेखरने दुसऱ्या डावात अवघ्या ३८ धावांत सहा गडी बाद केले. तो हत्तिणीचा पायगुण म्हणणारे लोक त्या काळी होते, आणि आजही भेटतात.

परंतु या आनंदाच्या मुळाशी जावयाचे तर त्याहूनही मागे गेले पाहिजे. १८०३ साली जाफराबाद-भोकरदनच्या बाजूस असईची लढाई झाली, शिंदे-भोसल्यांच्या फौजा हरल्या, आणि त्यानंतरच्या काळात जालन्यास इंग्रजांची छावणी पडली. अशा छावण्या आणि बंदरे यांच्या वाटेनेच क्रिकेट या देशात पसरले. म्हणजे राज्य करणाऱ्यांचा तो खेळ. त्यांना त्यांच्याच खेळात हरविणे याला म्हणूनच पहिल्यापासून खेळाबाहेरचा अर्थ चिकटला. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, तेव्हाचा जल्लोष हा आमच्या मते आजच्या गुलालाचा खरा पूर्वज. त्या विजयाचे मोठे मानकरी पळवणकर बंधू, बाळू आणि शिवराम. बाळू हे त्या काळचे आपल्याकडील सर्वांत मोठे फिरकी गोलंदाज; जातीने चांभार. मैदानावर त्यांच्या हातून चेंडू घेणारे लोक मैदानाबाहेर त्यांच्या पंक्तीस बसावयास तयार नसत, आणि संघाचे कप्तानपद तर त्यांना मिळालेच नाही. ते मिळाले त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांस, तेही बऱ्याच ओढाताणीनंतर. आणि १९२३ साली त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांना हरविले तेव्हा लोकांनी विठ्ठलांना खांद्यावर उचलून घेतले.

या खांद्यावर घेण्यापाशी क्षणभर थांबावे असे आम्हांस वाटते. ज्या माणसाचा स्पर्श काल नको होता, त्यास आज खांदा द्यावासा वाटला. विजयाच्या जल्लोषाची सर्वांत मोठी शक्ती हीच. तो रोजच्या भिंती क्षणभर विसरावयास लावतो. क्षणभर, हेही तितकेच खरे. दुसऱ्या दिवशी भिंती जागच्या जागी असतात. पण एकदा खांद्यावर घेतलेल्या माणसास पुन्हा उंबऱ्याबाहेर उभे करताना मनाला थोडे तरी लाजावे लागते. विठ्ठलांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिले. मराठी वाचकाने ते शोधून वाचावे.

मात्र त्याच मुंबईच्या सामन्यांत दुसरीही गोष्ट वाढत होती. संघ धर्माधर्मांचे होते : हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन, पुढे ‘इतर’. युरोपियन प्रबळ होते तोवर त्यांचा पराभव सर्वांनाच गोड लागे. ते दुबळे झाले तशी खरी चुरस शेजाऱ्या-शेजाऱ्यांत सुरू झाली, आणि जल्लोषाचा रोख बदलला. १९४० साली गांधीजींनी धर्मावर आधारलेल्या अशा सामन्यांविरुद्ध आपले मत स्पष्टपणे सांगितले. पाचसहा वर्षांत ती पंचरंगी स्पर्धा बंद पडली. स्पर्धा बंद पडली. तिच्यातली सवय बंद पडली काय, हा प्रश्न आम्ही मोकळाच ठेवतो.

१९४७ साली फाळणी झाली आणि पाच वर्षांनी, १९५२च्या ऑक्टोबरात, पाकिस्तानचा संघ पहिल्यांदा भारतात कसोटी खेळण्यास आला. आज ‘जुना शत्रू’ म्हणून ज्याचा उच्चार होतो तो त्या दिवशी जुना घरोबा होता. पाकिस्तानचे कप्तान अब्दुल हफीज कारदार १९४६ साली भारताच्या संघातून इंग्लंडला जाऊन आले होते. त्यांचे अमीर इलाही भारतातर्फे कसोटी खेळलेले होते. उलट आपल्या संघात गुल महंमद होते. सांगलीचे विजय हजारे आणि हे गुल महंमद यांनी १९४७च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्यासाठी होळकर संघाविरुद्ध चौथ्या जोडीत ५७७ धावा केल्या होत्या. पुढे १९५६ साली गुल महंमद पाकिस्तानतर्फे खेळले.

दिल्लीची ती पहिली कसोटी जालनेकरांनी विशेष ध्यानात ठेवावी. भारताचे नऊ गडी बाद झालेले. एका टोकास पुण्याचे हेमू अधिकारी, दुसऱ्या टोकास हैदराबादचे फिरकी गोलंदाज गुलाम अहमद; फलंदाज म्हणून कोणी मोजावे असे नव्हेत. या शेवटच्या जोडीने १०९ धावा काढल्या. अधिकारी नाबाद ८१, गुलाम अहमद ५०. भारताच्या ३७२ झाल्या. मग विनू मंकडने दोन्ही डावांत मिळून तेरा गडी घेतले आणि पाकिस्तान १५० व १५२ मध्ये आटोपले. एक डाव आणि ७० धावांनी मिळालेला हा पाकिस्तानवरचा आपला पहिला विजय. त्या वर्षी जालना कोणत्या राज्यात होते? हैदराबाद राज्यात! मराठवाडा तेथून निघाला तो १९५६ साली. गोदावरी खोऱ्याची रेल्वे जालन्याहून सिकंदराबादेस जात होती, कचेरीची भाषा कालपरवापर्यंत उर्दू होती. तेव्हा तो विजय ज्यांनी ओढून आणला त्यांतला एक पुण्याचा मराठी माणूस, आणि दुसरा जालनेकरांच्या तेव्हाच्या राजधानीचा मुसलमान. जुन्या वैऱ्यावरील विजयाची आमची गोष्ट येथून सुरू होते, हे विसरून चालावयाचे नाही.

मग इतकी धार आली कोठून? थोडी युद्धांतून. १९६१ ते १९७८ या काळात दोन्ही देशांत एकही कसोटी झाली नाही. मध्ये दोन लढाया झाल्या. जे रोज भेटत नाहीत त्यांच्या भेटीत अवघडलेपण असते, तसे सामन्यांतही आले. आणि थोडी धार दूरचित्रवाणीने दिली. १८ एप्रिल १९८६ला शारजात शेवटच्या चेंडूस चार धावा हव्या असता जावेद मियांदादने चेतन शर्माला षट्कार मारला. रेडिओवर तो षट्कार नुसता ऐकू आला असता. पडद्यावर तो दिसला, आणि ज्यांनी पाहिला त्यांच्या डोळ्यांतून तो अनेक वर्षे गेला नाही. शुक्रवारी शारजात आपण जिंकत नाही, अशी एक समजूतच त्यानंतर पसरली. पुढे हिशेब फिरला : १९९२ पासून २०२३ पर्यंत एकदिवसीय विश्वचषकाच्या आठही भेटींत भारत जिंकला. २४ सप्टेंबर २००७ रोजी जोहान्सबर्गला वीस षटकांच्या पहिल्याच विश्वचषकाचा अंतिम सामना अवघ्या पाच धावांनी भारताने घेतला. त्या दिवशीचा सर्वोत्तम खेळाडू इरफान पठाण. दोनच दिवसांनी मुंबईने विमानतळापासून वानखेडेपर्यंत उघड्या बसची ती प्रसिद्ध मिरवणूक पाहिली. आज ही गाठ फक्त मोठ्या स्पर्धांतच पडते. दोन्ही देशांत शेवटची कसोटी २००७च्या डिसेंबरात झाली, शेवटची द्विपक्षीय मालिका २०१३च्या जानेवारीत संपली. जे दुर्मिळ असते ते महाग होते. सामन्याचेही तसेच झाले.

आता जालन्याचा स्वतःचा भाग सांगावयाचा. ४ जानेवारी २०१४. त्याच शारजात एकोणीस वर्षांखालील मुलांच्या आशिया चषकाचा अंतिम सामना होता, समोर पाकिस्तान. भारताचा कप्तान होता जालन्याचा विजय झोल. २०११ साली आसामविरुद्ध कूचबिहार करंडकाच्या सामन्यात नाबाद ४५१ धावा काढून त्याने आपल्या नावाची दखल घ्यावयास लावली होतीच. या अंतिम सामन्यात त्याने शतक काढले, केरळच्या संजू सॅमसनने दुसरे. भारताच्या ३१४, पाकिस्तान २७४ पर्यंत आले, चाळीस धावांनी विजय. ज्या जिल्ह्यात मोसंबीच्या बागा, बियाण्यांच्या कंपन्या आणि लोखंडाचे कारखाने आहेत पण मोठ्या सामन्याचे मैदान नाही, त्या जिल्ह्यातला एक मुलगा देशाचे नेतृत्व करून जुन्या प्रतिस्पर्ध्याला हरवितो, तेव्हा ‘आपण जिंकलो’ हे वाक्य जालन्यात एकदाच अक्षरशः खरे होते. इतर वेळी ते मानावे लागते. त्या दिवशी मानण्याचे कारण उरले नाही.

आणि आता जे बोलणे अवघड ते. जालना हे मिश्र वस्तीचे गाव. सदर बाजार असो, कादराबाद असो, येथे मंदिर आणि मशीद यांची सावली एकाच रस्त्यावर पडते. विजयाची मिरवणूक अशा गल्लीतून जाते तेव्हा ती दोन प्रकारे जाऊ शकते. एक, शेजाऱ्याच्या दारी थांबून त्याला ओढून नाचावयास घेणारी. दुसरी, त्याच्या दारापुढे मुद्दाम आवाज वाढविणारी. तो टाळ्या वाजवितो की नाही हे पाहणारी. पहिली मिरवणूक विठ्ठल पळवणकरांना खांद्यावर घेणाऱ्यांची वारसदार. दुसरी कोणाची, ते वाचकांनी ओळखावे. जो माणूस येथे जन्मला, ज्याच्या मुलाच्या अंगात भारताचाच निळा सदरा आहे, त्याने आपल्या आनंदाचा दाखला चौकात येऊन का द्यावा? इतरांकडे तो कोणी मागत नाही. श्रीरामपूरच्या झहीर खानाने २०११च्या विश्वचषकात एकवीस गडी घेतले, तेव्हा फटाके उडविताना कोणी त्याचे नाव तपासले नव्हते. आम्ही तर म्हणतो, ज्यास सामना आवडतच नाही त्यासही स्वस्थ झोपण्याचा अधिकार आहे. घरात तापाने फणफणलेले मूल असेल, उद्या कोणाची परीक्षा असेल.

प्रतिस्पर्ध्याला मान देण्याने विजय लहान होत नाही, याचा दाखला चेन्नईच्या लोकांनी घालून दिला आहे. ३१ जानेवारी १९९९ला तेथील कसोटी भारत अवघ्या बारा धावांनी हरला. सचिन तेंडुलकरची १३६ धावांची खेळी वाया गेली. प्रेक्षक काही काळ सुन्न बसले, आणि मग उठून उभे राहून त्यांनी पाकिस्तानच्या संघाला टाळ्या दिल्या. पाकिस्तानी खेळाडूंनी मैदानाची फेरी मारली. पराभवात ज्यांना इतके जमले, त्यांच्या विजयाच्या टाळीला वजन येणारच.

गर्दीचेही एक शास्त्र आहे. ४ जुलै २०२४ रोजी मरीन ड्राइव्हवर लोटलेल्या समुदायाच्या मागे चपला-बुटांचा खच उरला. ४ जून २०२५ रोजी बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर स्थानिक संघाच्या विजयोत्सवात चेंगराचेंगरी होऊन अकरा जीव गेले. आनंदी गर्दी रागावलेल्या गर्दीपेक्षा कमी धोक्याची, ही समजूत चुकीची आहे. पुढच्याला मागचा दिसत नाही आणि मागच्याला पुढचा पडलेला कळत नाही, हा नियम दोन्हीकडे सारखाच. जालन्यातील चौक काही मरीन ड्राइव्ह नव्हेत. त्यांची तोंडे अरुंद आहेत, आणि मोटारसायकलवर तिघे बसून, उभे राहून झेंडा फडकविणारा मुलगा कोणाचा तरी मुलगा असतो.

विजय झोलला पुढे भारताच्या मोठ्या संघात खेळण्याचा योग आला नाही. शारजातल्या त्या अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून एक मुलगा शेवटपर्यंत शतक काढून नाबाद उभा राहिला होता. त्याचे नाव कामरान गुलाम. त्या रात्री जालन्यात ते कोणी लक्षात ठेवले असेल असे वाटत नाही. दहा वर्षे तो वाट पाहत राहिला, आणि २०२४च्या ऑक्टोबरात मुलतानला इंग्लंडविरुद्ध पहिलीच कसोटी खेळताना त्याने शतक काढले.