अदृश्य जीव आणि आपलें पाणी

आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर कोणास ठाऊक नाहीं? उल्कापातानें काळ्या पाषाणांत पडलेल्या त्या विवरांतील खारें पाणी एरवीं हिरवट दिसतें. सन २०२० च्या जून महिन्यांत तें गुलाबी झालें, तेव्हां सर्वांस मोठें आश्चर्य वाटलें. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें परीक्षा केली, आणि तो खेळ डोळ्यांस न दिसणाऱ्या, खारटपणांत वाढणाऱ्या हॅलोआर्किया नामक सूक्ष्म जीवांचा ठरला. उन्हाळ्यांत पाणी आटून खारटपणा वाढला, हे जीव फोफावले, व त्यांच्या अंगच्या रंगानें सरोवर रंगलें.

येथें रंग दिसला म्हणून लोक सावध झाले. परंतु सूक्ष्म जीवांची दुसरी एक करणी अशी आहे कीं, ती पाण्यास रंग देत नाहीं कीं वास देत नाहीं. बंगालची गोष्ट घ्या. हिमालयांतून वाहून आलेल्या तेथील गाळांत लोहाच्या गंजासारखे कण असतात व त्यांस सोमल, म्हणजे आर्सेनिक, चिकटलेला असतो. तो तसाच राहील तोंवर भय नाहीं. पण जेथें जमिनीखालीं कुजका पालापाचोळा आहे आणि हवा पोंचत नाहीं, तेथील जंतु श्वसनासाठीं प्राणवायूऐवजीं या गंजाचा उपयोग करतात. गंज विरघळतो आणि त्यास बिलगलेला सोमल पाण्यांत सुटतो. तळ्याचें पाणी रोगट म्हणून तेथें विंधनविहिरी खणल्या. परंतु सन १९८३ च्या सुमारास कलकत्त्याच्या डॉक्टरांस रोग्यांच्या त्वचेवर सोमलाचीं लक्षणें आढळलीं.

आपल्या जिल्ह्यांत गंगेचा तो गाळ नाहीं. म्हणून बंगालची भीति येथें जशीच्या तशी आणूं नये. आपलें दुखणें निराळें. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत विहिरींचें पाणीच खारें लागतें. धडा मात्र एकच आहे : पाणी निर्मळ दिसलें म्हणजे निर्दोष ठरत नाहीं. उकळल्यानें रोगजंतु मरतात, पण सोमल वा मीठ जात नाहीं. उलट पाणी आटून त्यांचें प्रमाण वाढतें. जागतिक आरोग्य संघटनेनें पाण्याच्या एका लिटरांत सोमलाची मर्यादा एका मिलिग्रॅमचा शंभरावा भाग इतकी ठरविली आहे. एवढा अंश जिभेस कळत नाहीं, त्यास प्रयोगशाळाच पाहिजे.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, नवी विंधनविहीर खणल्यावर तिचें पाणी तपासून मगच तें मुलांस द्यावें. विद्यार्थ्यांनींही हें ज्ञान वहींत न ठेवतां आपल्या गांवच्या पाणवठ्यावर न्यावें. ज्ञानाचें सार्थक तेथेंच आहे.