घरात प्रिंटर एक, संगणक चार

सीईटीचे प्रवेशपत्र छापायचे असते ते परीक्षेच्या आदल्या रात्रीच, आणि नेमकी त्याच वेळी पडद्यावर ‘प्रिंटर ऑफलाइन’ अशी अक्षरे उमटतात. वास्तविक प्रिंटर हाताच्या अंतरावर सुरू असतो, त्याचा दिवा लुकलुकत असतो, कागद आणि शाई पुरेशी असते. मग प्रिंटर तीनदा बंद-चालू केला जातो, कंपनीच्या नावाने बोटे मोडली जातात आणि अखेर कोपऱ्यावरचे झेरॉक्सचे दुकान गाठले जाते. बहुतेक वेळा दोष त्या यंत्राचा नसतो. घरातील नेटवर्कवर त्याची जोडणी कशी केली आहे, यावर ही फजिती अवलंबून असते.

वायरलेस प्रिंटर संगणकाला जोडला जातो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तो जोडला जातो राऊटरला. संगणक आपला मजकूर राऊटरकडे पाठवतो आणि राऊटर तो प्रिंटरकडे पोहोचवतो. पूर्वी घरातील एका संगणकाला तारेने प्रिंटर जोडून तो इतरांसाठी ‘शेअर’ करण्याची पद्धत होती. त्यात तो एक संगणक सतत चालू ठेवावा लागे. राऊटरमुळे ती अडचण संपली, पण तिच्या जागी दुसऱ्या आल्या.

पहिली अडचण जोडणीच्या वेळीच येते. प्रिंटरला पडदा असेल तर यादीतून घरच्या वाय-फायचे नाव निवडून पासवर्ड टाकला की काम होते. पडदा नसलेल्या स्वस्त प्रिंटरची गोष्ट वेगळी. हा प्रिंटर सुरुवातीला स्वतःचेच एक तात्पुरते वाय-फाय तयार करतो. मोबाइलने त्याला जोडून घ्यायचे आणि कंपनीच्या अॅपमधून घरच्या वाय-फायचे नाव व पासवर्ड त्याच्या कानात सांगायचा, अशी ही रीत. या तात्पुरत्या वाय-फायवर इंटरनेट नसते. त्यामुळे ‘येथे इंटरनेट नाही, तरीही जोडलेले राहायचे का?’ असे मोबाइल विचारतो आणि घाईत ‘नाही’वर बोट पडते. जोडणी तिथेच तुटते. तेवढ्यापुरता मोबाइल डेटा बंद ठेवावा आणि त्या प्रश्नाला ‘होय’ म्हणावे.

दुसरी मेख लहरींची आहे. घरगुती राऊटर आता बहुधा २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ अशा दोन पट्ट्यांवर चालतात, तर घरगुती वापराच्या अनेक प्रिंटरना केवळ २.४चीच पट्टी कळते. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असेल तर जोडणीच्या वेळी गोंधळ उडू शकतो. अशा वेळी राऊटरच्या सेटिंगमध्ये ५ची पट्टी दहा मिनिटे बंद ठेवावी आणि प्रिंटर जोडून झाल्यावर पुन्हा सुरू करावी. त्यानंतर लॅपटॉप ५वर आणि प्रिंटर २.४वर असला तरी बिघडत नाही. राऊटर एकच असल्याने दोघांची गाठ पडते. राऊटरची सुरक्षा केवळ ‘डब्ल्यूपीए-३’वर ठेवलेली असेल तर जुना प्रिंटर पासवर्ड अचूक असूनही नकार देतो. तिथे ‘डब्ल्यूपीए-२’ आणि ‘३’ असा मिश्र पर्याय निवडावा लागतो. नातलगांनी अमेरिकेहून आणलेल्या यंत्रांचा आणखी एक हट्ट असतो. २.४च्या पट्टीतील १२ आणि १३ क्रमांकाचे चॅनेल त्यांना सहसा दिसत नाहीत. भारतातील राऊटर स्वतःहून त्या चॅनेलवर गेला की ही यंत्रे आंधळी होतात. राऊटरला १, ६ किंवा ११ यांपैकी एक चॅनेल नेमून दिला की प्रश्न सुटतो.

एवढे करून प्रिंटर चालू लागतो आणि महिन्याभराने पुन्हा ‘ऑफलाइन’ होतो. येथे खरी गोम आहे. राऊटर घरातील प्रत्येक यंत्राला १९२.१६८.१.५ अशासारखा एक पत्ता देतो, पण तो ठरावीक मुदतीचा, भाडेकराराप्रमाणे. प्रिंटर आठ-दहा दिवस बंद राहिला तर मुदत संपते आणि तोच पत्ता पाहुण्याच्या मोबाइलला मिळू शकतो. प्रिंटर पुन्हा सुरू होतो तो नव्या पत्त्यावर. संगणकाने जुना पत्ता लिहून ठेवला असेल तर तो तिथेच दार ठोठावत राहतो. मोबाइल मात्र बहुधा दरवेळी नावाने हाक मारून प्रिंटर शोधतो. अॅपलने २०१०मध्ये आणलेली ‘एअरप्रिंट’ ही सोय याच पद्धतीवर चालते. म्हणूनच मोबाइलवरून छपाई होते आणि लॅपटॉपवरून होत नाही, असा चमत्कार घडतो.

उपाय पाच मिनिटांचा आहे. प्रिंटरमधून नेटवर्कच्या माहितीचा कागद छापून घ्यावा. त्यावर ‘मॅक अॅड्रेस’ म्हणून बारा अंक-अक्षरांची एक ओळख असते. राऊटरच्या ‘डीएचसीपी’ विभागात त्या ओळखीच्या नावे एक पत्ता कायमचा राखून ठेवावा आणि संगणकावरील जुना प्रिंटर काढून तो नव्याने जोडावा. काही जण पत्ता थेट प्रिंटरमध्येच कायम करतात. तेही चालते, पण इंटरनेटची कंपनी बदलून नवा राऊटर आला आणि त्याच्या पत्त्यांची मालिका वेगळी निघाली, की प्रिंटर घरात असूनही बेघर होतो. त्या कागदावर १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर राऊटरने त्याला पत्ता दिलेलाच नाही, असे समजावे.

काही घरांत कंपनीने बसवलेल्या फायबरच्या डब्याचे एक वाय-फाय असते आणि स्वतः विकत घेतलेल्या राऊटरचे दुसरे. इंटरनेट दोन्हीकडे चालते, त्यामुळे घोळ लक्षात येत नाही. मात्र एका वाय-फायवरचा लॅपटॉप आणि दुसऱ्यावरचा प्रिंटर बहुधा एकमेकांना दिसत नाहीत. दुसरा राऊटर ‘अॅक्सेस पॉइंट’ म्हणून चालवावा किंवा सर्व यंत्रे एकाच वाय-फायवर आणावीत. ‘गेस्ट’ नेटवर्कवर तर हा दुरावा मुद्दामच राखलेला असतो.

चौघांच्या सदनिकेत, विशेषतः भाड्याच्या, सामाईक प्रिंटरची आणखी एक बाजू आहे. अडकलेली छपाई प्रिंटर बंद केल्याने रद्द होत नाही. ती पाठवणाऱ्याच्या संगणकातील रांगेत उभीच असते. रात्री वैतागून पाच वेळा दिलेली पगाराची पावती दुसऱ्या दिवशी पाचही प्रतींत बाहेर पडते, तीही भलत्याच्याच हाती. रांग उघडून ती रद्द करणे हाच मार्ग.

बाहेरच्यांचा शिरकाव हीसुद्धा कल्पना नव्हे. २०१८च्या नोव्हेंबरमध्ये एका अज्ञात इसमाने इंटरनेटवर उघडे पडलेले सुमारे ५० हजार प्रिंटर गाठून त्यांवर एका यूट्यूब वाहिनीची जाहिरात छापली होती. घराबाहेरून छपाई करता यावी म्हणून राऊटरमध्ये प्रिंटरसाठी वाट उघडून देणे म्हणजे अशा उद्योगांना आमंत्रणच. प्रिंटरच्या सेटिंगच्या पानाला पासवर्ड लावावा. ‘वाय-फाय डायरेक्ट’ लागत नसेल तर बंद करावे, कारण काही प्रिंटरमध्ये त्याचा मूळ पासवर्ड १२३४५६७८ असा असतो आणि शेजाऱ्यालाही तो सुचू शकतो.

जुना प्रिंटर विकताना किंवा भंगारात देताना ‘फॅक्टरी रीसेट’ अवश्य करावा. घरच्या वाय-फायचा पासवर्ड त्याच्या स्मरणात तसाच असतो.