सत्तावन्न नंबरची लाल गाडी

२०१४ च्या उन्हाळ्यात जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्गमध्ये एका टीव्ही कार्यक्रमाचं पथक जुनी अडगळ उपसत होतं. लोकांनी साठवलेल्या पसाऱ्यातून विकण्याजोगं काय निघतं ते दाखवायचं, असा तो कार्यक्रम. तिथल्या एका कोठारात दोन पोर्शे निघाल्या, एक सोनेरी आणि एक लाल. खबर श्टुटगार्टच्या पोर्शे संग्रहालयाला गेली. तिथल्या जाणकारांनी चॅसी नंबर ताडून पाहिला. लाल गाडीचा नंबर ३००.०५७. ही ९११ नव्हे, ९०१ होती!

हे ९०१ प्रकरण मोठं मजेदार. सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनात पोर्शेनं नवी गाडी मांडली ती याच नावानं. पुढच्या वर्षी उत्पादन सुरू झालं आणि प्यूजो कंपनीनं हरकत घेतली: मधे शून्य असलेले तीन आकडी नंबर फ्रान्समध्ये आमचे. पोर्शेनं शून्याच्या जागी एक घातला आणि विषय मिटवला. तोवर ९०१ म्हणून बनलेल्या गाड्या भरल्या ८२. सुट्या भागांच्या नंबरांत मात्र ९०१ तसाच राहिला.

मागचा इतिहास थोडक्यात. फेरी पोर्शे यांच्या ३५६ ची सुरुवात १९४८ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावी झाली. पुढे कंपनी श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात आली. ३५६ जुनी वाटू लागली, तेव्हा फेरींचे चिरंजीव फर्डिनांड अलेक्झांडर यांनी नव्या गाडीचा आकार रेखला.

इंजिन मागे, सहा सिलिंडर आडवे, १९९१ सीसी, १३० अश्वशक्ती. थंड ठेवायला पाणी नाही, हवा. सगळा भार मागे असल्यामुळे सुरुवातीच्या ९११ वेगात वळताना शेपूट झटकायच्या. त्यावर कंपनीनं काढलेला तोडगा अगदी आपल्या गॅरेजवाल्याला शोभेल असा होता: पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांत वजनं दडवली! खरं औषध १९६९ च्या मॉडेलला मिळालं. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २२११ मिलिमीटरवरून २२६८ वर गेलं. वाढ किती, तर ५७ मिलिमीटर. निव्वळ योगायोग, पण पोर्शेवेड्यांना असे योगायोग फार प्रिय.

संग्रहालयाकडे तोवर इतकी जुनी ९०१ नव्हती. तज्ज्ञाकडून किंमत ठरवून घेऊन लाल गाडी १ लाख ७ हजार युरोंना घेतली, सोनेरी १४,५०० ला. फरक त्या नंबरचा. एरवी लाल गाडीची दशा दयनीय होती. पुढची मडगार्डं गायब, तळाचा पत्रा गंजून चाळण झालेला, ब्रेक निकामी, आतली सजावट जवळजवळ नाहीशी.

अशी गाडी नवी करणं तसं सोपं असतं. कुजलेला पत्रा कापून फेकायचा, नवा जोडायचा, पुटी भरायची, रंग मारायचा. पण तशी केलेली गाडी जुन्या नंबराची नवी गाडी ठरते. संग्रहालयानं उलटा नियम घातला: वाचेल तो तुकडा वाचवायचा. रंग रासायनिक द्रावणानं उतरवला, गंजलेला तेवढाच पत्रा कापला. मडगार्डं नवी ठोकून घेतली नाहीत. त्याच काळातल्या दुसऱ्या ९११ चे अस्सल भाग मिळवून बसवले. इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग, सजावट, सगळीकडे हाच खाक्या. काम तीन वर्षं चाललं. रंग अर्थातच मूळचा, सिग्नल लाल.

दुसऱ्या गाडीची मडगार्डं लावल्यावर ही ५७ नंबरचीच का, असं कुणी विचारील. पण तेव्हा वापरात असलेल्या गाडीलाही ठोकर लागली की मडगार्ड बदलत होतेच. फक्त इथला बदली भागही त्याच काळातला आहे. चकचकीत पण पोकळ ‘रिस्टोरेशन’ पाहून कंटाळलेल्यांना ही गाडी म्हणूनच भावते.

डिसेंबर २०१७ मध्ये संग्रहालयानं ती खास प्रदर्शनात लोकांपुढे आणली. कधी समोर आलीच, तर नुसता रंग पाहून पुढे सरकू नये. डॅशबोर्डावरची पाच गोल घड्याळं पाहावीत आणि किल्लीची जागाही: स्टिअरिंगच्या डावीकडे. शर्यतीत डाव्या हातानं किल्ली फिरवताना उजवा हात गिअरला मोकळा राहावा म्हणून, असं पोर्शेवाले सांगतात.