भाजलेल्या रुग्णाचे अन्न आणि त्वचारोपण

शरीराच्या निरोगी भागावरील त्वचेचा पातळ पापुद्रा काढून तो भाजलेल्या जागी बसविणे, याला त्वचारोपण म्हणतात. या पापुद्र्याला प्रारंभी स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले एक-दोन दिवस तो खालून झिरपणाऱ्या द्रवावरच तग धरतो. त्यानंतर खालच्या केशवाहिन्या त्याच्याशी जुळू लागतात आणि पाचव्या-सहाव्या दिवसाच्या सुमारास रक्त नीट खेळू लागते. या नव्या वाहिन्या शस्त्रवैद्य घडवीत नाही. त्या रुग्णाच्या शरीरालाच घडवाव्या लागतात, आणि त्यासाठी प्रथिने हवीत. शिवाय जेथून त्वचा काढली तेथेही जखम होतेच. एकाच शरीराने दोन्ही जखमा भरून काढावयाच्या असतात.

ही मागणी येते ती नेमकी शरीर झिजत असताना. मोठ्या प्रमाणावर भाजल्यास चयापचयाचा वेग अतोनात वाढतो आणि स्नायू वितळू लागतात. १९७४ साली क्युरेरी या अमेरिकन शस्त्रवैद्याने एक सूत्र मांडले: वजनाच्या दर किलोला २५ आणि भाजलेल्या दर टक्क्याला ४० उष्मांक. त्यानुसार ४० टक्के भाजलेल्या, ५० किलो वजनाच्या रुग्णाला दिवसाला २,८५० उष्मांक लागतील. हा अंदाज काहीसा जास्त आहे असे आता मानतात. प्रथिनांची गरज मात्र दर किलोला दीड ते दोन ग्रॅम, म्हणजे या रुग्णाला ७५ ते १०० ग्रॅम असते. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, हे लक्षात घेतले की या आकड्याचे ओझे कळते.

आपल्याकडे चुलीपाशी किंवा स्टोव्हपाशी भाजलेली स्त्री पुष्कळदा आधीच कृश आणि रक्तक्षयी असते. त्यातच ‘जखमेत पू होईल’ म्हणून नातलग तिची अंडी, दूध, डाळ बंद करतात. हे पथ्य मायेपोटी पाळले जाते, पण त्याइतके घातक दुसरे काही नाही. तोंडाने पुरेसे जात नसेल तर नाकातून जठरात नळी घालून, शक्यतो पहिल्या दिवसापासूनच, अन्न द्यावे लागते.

मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. मृत दात्यांची त्वचा तेथे ग्लिसरॉलमध्ये जतन केली जाते. ती कायमची रुजत नाही. काही आठवड्यांत शरीर ती टाकून देते. परंतु तेवढा काळ जखम झाकलेली राहते, द्रव आणि प्रथिने वाहून जाणे कमी होते, आणि रुग्णाला स्वतःची त्वचा देण्याइतके बळ येईपर्यंत खाऊ घालण्यास अवधी मिळतो.